कृष्णासाठी कोण बसलं होतं

"मोडी येते म्हणे तुम्हाला," असं म्हणत घळसासी सरांनी टेबलावरची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे सरकवली.

"वाचता येते. वडील भूमी अभिलेख कार्यालयात होते. सुट्टीत आम्हा भावंडांकडून जुने कागद वाचून घ्यायचे."

"उत्तम! मग तुमचं कायम होण्याचं काम झालंच म्हणून समजा."

माझं काम झालंच म्हणून समजायला सर मला चार वर्षं सांगत होते. आमच्या म्हसवण कला विद्यालयाचे ते प्राचार्य आणि मी तिथली तात्पुरती शिक्षिका. दर जूनला मला नवं पत्र मिळायचं आणि दर एप्रिलला ते संपायचं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. वडील नुकतेच गेले होते आणि आई माझ्याकडेच होती.

ट्रंकेत एकसष्ट रेखाटनं निघाली. कोळशाची, तांबड्या खडूची, काही नुसत्या शिसपेन्सिलीची. म्हसवण संस्थानचे चित्रकार हुदलीकर मास्तर यांनी १९२८ साली दरबार हॉलसाठी वस्त्रहरणाचं बारा फुटी तैलचित्र काढलं, त्याची ही सगळी पूर्वतयारी. मास्तर मुंबईच्या आर्ट स्कूलात शिकलेले, त्यामुळे तयारीही तिथल्याच पद्धतीची. आधी एकेका माणसाचा उघड्या अंगाचा अभ्यास, मग त्यावर चढवलेल्या वस्त्राचा. डोकी वेगळी, हात वेगळे, पाय वेगळे. शेवटी सगळं जुळवून चौकटी आखायच्या आणि मोठ्या कॅनव्हासवर चढवायचं. प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक मोडीत काहीतरी लिहिलेलं होतं.

संस्थान विलीन झालं, दरबार हॉल आमच्या विद्यालयाचा झाला आणि चित्र भिंतीवर तसंच राहिलं. गावानं मात्र त्याला देव करून टाकलं होतं. राणीसाहेबांनी कधीकाळी पाडलेल्या प्रथेप्रमाणे नवरात्रात गावातल्या घरंदाज बायका खण-नारळ घेऊन यायच्या आणि चित्रातल्या द्रौपदीची ओटी भरायच्या. त्या आठवड्यात मला वर्ग घेता यायचे नाहीत, कारण हॉलभर तांदूळ सांडलेले असायचे.

त्या वर्षी नवरात्रातच या रेखाटनांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. कोपऱ्यातली नावं वाचून कोणत्या देवासाठी मास्तरांसमोर कोण बसलं होतं ते शोधायचं, रेखाटनांखाली लावायच्या चिठ्ठ्या लिहायच्या आणि त्या त्या घराण्याचा सत्कार करायचा, अशी संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब रणनवरे यांची कल्पना होती. घराणी ठरलेलीच होती आणि सत्काराच्या शालीही आणून झाल्या होत्या. फक्त नावं वाचायची राहिली होती.

पहिल्या सभेत मी गप्प बसून ऐकत होते.

"आमचे आजोबा भीष्म," दादासाहेब म्हणाले. "हे तर सर्वश्रुत आहे. ती दाढी बघा, तो ताठा बघा."

"दाढी त्या काळी सगळेच ठेवायचे," संस्थेचे चिटणीस पुंडे वकील म्हणाले. "आमचे आजोबा, तेही वकीलच, युधिष्ठिर. घरात तशी वदंता आहे. शिवाय कृष्णालाही तेच बसले असावेत."

"एकच माणूस युधिष्ठिर आणि कृष्ण?"

"रूपवान होते."

"कृष्ण आमच्याकडेच येणार, वकीलसाहेब. चित्रासाठी रेशीम आमच्या घरातून गेलं होतं."

भांडण कृष्णावरून पेटायला कारण होतं. बाकी सगळ्यांचे चेहरे चित्रात स्पष्ट होते. कृष्ण तेवढा वरच्या कोपऱ्यात, ढगांमध्ये, आणि चेहरा तेजात असा विरघळलेला की नाक कुठं आणि हनुवटी कुठं ते कळू नये. अशा चेहऱ्यावर कुणीही हक्क सांगू शकत होतं आणि दोघांनीही तो सांगितला.

"कारखानीस बाई," दादासाहेब माझ्याकडे वळले, "सगळं तुमच्या वाचनावर आहे. नीट वाचा."

नीट वाचायचं म्हणजे काय, ते मला पुढच्या आठवड्यात कळत गेलं.

मी वाचलं आणि वहीत उतरवलं. भीम : डोके – पुंडे वकील, धड – तालमीतला शिदू. अर्जुन : डोके – फडणीस, दंड – शिदू, पोटऱ्या – शिदूचा भाऊ. दरबारातल्या मंडळींनी मास्तरांना मानेवरचा भागच तेवढा दिला होता. अंगरखा काढून कुणी बसायला तयार नव्हतं आणि जे तयार झाले असते, त्यांचं उघडं अंग पाहून मास्तरांनीच नको म्हटलं असावं. त्यामुळे पाचही पांडव मानेखाली बहुतेक शिदूचेच होते. भीष्माला वाड्यावरचा म्हातारा पाणक्या बसला होता. युधिष्ठिराचे जुगारात गुंतलेले हात एका जुगाऱ्याचेच होते, त्याला कोतवालीतून आणवलं होतं. आणि दुःशासन, डोक्यापासून पायापर्यंत, उघड्या अंगासकट : सरदार रणनवरे. सबंध दरबारात उघड्या अंगानं बसायला लाजला नाही असा हा एकच सरदार.

द्रौपदीच्या कागदावर तीन ओळी होत्या. पहिलीत लिहिलं होतं : द्रौपदी – हौसा, महारवाडा, वय अठरा. खालच्या दोन ओळी मी तीनतीनदा वाचल्या, आणि वहीत उतरवल्या नाहीत.

कृष्णाचा कागद ट्रंकेत नव्हताच.

सरांनी वही वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"बाई, हे फारच नीट वाचलंत तुम्ही."

"जे आहे ते वाचलंय सर."

"मोडीत एका अक्षराचं दुसरं अक्षर सहज दिसतं, असं ऐकून आहे. 'पाणक्या'चं 'रणनवरे' होऊ शकेल का?"

"नाही होणार, सर."

"प्रयत्न तरी करून बघा. अहो, अट्ठावन्न वर्षं गावातल्या बायका ओटी भरतायत. त्यांना आता काय सांगायचं? कुणाची भरली म्हणून? आणि तुमची फाईल दादासाहेबांच्या टेबलावर आहे. सही तेवढी राहिलीय."

मी चिठ्ठ्या लिहिल्या. माझं अक्षर गावात नावाजलेलं होतं. जाड टाकानं, काळ्या शाईनं, सुरेख वळणदार अक्षरात मी लिहिलं : भीष्म – कै. सरदार रणनवरे. युधिष्ठिर – कै. पुंडे वकील. दुःशासन – अज्ञात. द्रौपदी – कल्पनेतून. कृष्णाच्या चिठ्ठीवर दोन सभा झाल्या आणि शेवटी तडजोड झाली : कृष्ण – म्हसवणमधील प्रतिष्ठित घराणी. एवढी घराणी एका चेहऱ्यात कशी मावली, हे कुणी विचारलं नाही.

चिठ्ठ्या वाळत घातल्या होत्या तेव्हा गोदाबाई हॉल झाडत होती. ती आमच्याकडे सफाईचं काम करायची. मी सहज विचारलं, "गोदाबाई, तुमच्या वस्तीत पूर्वी हौसा म्हणून कुणी होती का हो?"

"हुती कशानं? हाय की. माझी चुलत सासू. कालच भांडलीया माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याबरोबर बौद्धवाड्यात गेले. समाजमंदिरामागं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. शहात्तर वर्षांची हौसाबाई उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि चेहऱ्याकडे बघत राहिले. सुरकुत्यांच्या आत ती सगळी तशीच होती, रुंद कपाळ, वर चढलेल्या भुवया.

"बगतीस काय? उजव्या बाजूनं बग, मास्तर तिकडनंच काढायचा," ती म्हणाली.

मी काय वाचलं ते तिला सांगितलं नाही. फक्त विचारलं, "आजी, तुम्ही बसलात कशा?"

"कशी म्हंजे? वरच्या आळीची एकबी बाई बसंना. मास्तर आमच्या आळीत आला. ज्वारी देतो म्हनला. मानूस वंगाळ न्हवता. पर दरबार हालात मला मागल्या दारानं घ्यायचं आन मी भायेर गेले की फरशीवर पानी मारायचं, हे रोजचं."

"मग?"

"मग येक दिस म्हनला, आंगावरचं काढून बस. म्हनला, आदी बिनकापडाचं काढायचं, मग वरनं कापड चढवायचं, अशी इलायतेची रीत हाय. मी म्हनलं, कापडासकटच काढ की. आत काय असतंय ते तुला ठावं न्हाई व्हय? बायकू हाय न्हवं घरात?"

गोदाबाई पदर तोंडाला लावून हसली. हौसाबाई हसली नाही. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"त्या दिशी समदी मंडळी हुती. त्यांस्नी बसवून मास्तर सभा जुळवत हुता. कोन खुर्चीवर, कोन लोडाला टेकून. मी न्हाई म्हनल्यावर त्यो रणनवरे उठला. दुशासन त्योच हुता. हसत हसत आला. म्हनला, मास्तर, तुमचं काम म्या करतो. आन पदराला हात घातला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे तसंच बसलं. मास्तरनं बसवलं हुतं तसंच. येकानंबी मान हलिवली न्हाई. रोज माझ्या पायाखालच्या फरशीचा इटाळ व्हायचा. त्या दिशी पदराचा झाला न्हाई कुनाला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"म्या सोडलं न्हाई. दोनी हातानं धरलं. आन त्याचा अंगठा तोंडाजवळ आला तसा चावले. अशी चावले की बोंबलला रेड्यावानी. मागनं गावात सांगितलं, शिकारीत वाघ चावला."

तो वाघ मला ठाऊक होता. दादासाहेबांच्या बैठकीत आजोबांच्या अंगठ्याची गोष्ट प्रत्येक नव्या शिक्षकाला ऐकवली जायची आणि दर वर्षी वाघ फूटभर लांब व्हायचा.

"आजी, कृष्णासाठी कोण बसलं होतं, आठवतं?"

"किस्न?" तिनं पुन्हा सूप पुढं ओढलं. "तवा तर न्हवता बाबा कोन."

मी उठले तेव्हा ती म्हणाली, "तितं माझं चित्तर लावनार हाय म्हनं. बगाय येऊ?"

मी होकार दिला, आणि घरी येईपर्यंत तो दिल्याचा मला पश्चात्ताप झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल फुलून गेला होता. प्रमुख पाहुण्या म्हणून मुंबईच्या एका संग्रहालयाच्या निवृत्त संचालिका शिरोडकर मॅडम आल्या होत्या. शाली वाटून झाल्या. कृष्णाची शाल दादासाहेब आणि वकील या दोघांनी एकेका टोकाला धरून घेतली, आणि फोटोग्राफरनं तोही क्षण टिपला. भिंतीवरच्या मोठ्या चित्रापुढं बायकांची ओटीची रांग लागली. मी मॅडमना एकेक रेखाटन दाखवत होते आणि माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. ते करताना आवाज बरा लागत होता, हे मला आठवतं.

"ही द्रौपदी कल्पनेतून?" मॅडम थबकल्या. "शक्यच नाही. ही मूठ बघा. अशी मूठ कल्पनेतून येत नाही. कुणीतरी खरंच जोर लावून धरलंय."

"मास्तर फार प्रतिभावान होते," घळसासी सर घाईनं म्हणाले.

तेवढ्यात दारात गडबड झाली. गोदाबाईचा हात धरून हौसाबाई येत होती. इरकली लुगडं, डोक्यावर पदर, पायांत रबरी चपला. दारावरचा स्वयंसेवक काय करावं ते न कळून दादासाहेबांकडे बघत होता. जिल्हा परिषदेच्या निवडणुका जवळ आल्या होत्या, त्यामुळे दादासाहेब लगबगीनं पुढं झाले.

"या, या आजी! वस्तीतल्या लोकांनीही कला बघायला आलं पाहिजे. फोटो घ्या रे!"

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. ती त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होती.

"तू रणनवऱ्याचा नातू न्हवं?"

"हो, हो! ओळखलंत?"

"नाक तेच हाय."

दादासाहेब खूश झाले. मग ती हळूहळू चालत माझ्यापाशी आली आणि आपल्या चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मॅडम एकदा तिच्याकडे आणि एकदा कागदाकडे बघू लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना कळलंय.

"बाई," हौसाबाईनं कोपऱ्यावर बोट टेकवलं, "हितं काय लिवलंय?"

हॉलमधला आवाज कमी झाला. सर माझ्याकडे बघत होते. दादासाहेब बघत होते. माझी फाईल त्यांच्या टेबलावर होती.

"वाच की."

"द्रौपदी," मी वाचलं. "हौसा. महारवाडा. वय अठरा."

रांगेतल्या बायकांत कुजबुज झाली. मी थांबले. एवढंही पुष्कळ झालं, असं मला वाटलं. एवढं वाचूनही नोकरी कदाचित वाचली असती. चुकून तोंडातून गेलं म्हणता आलं असतं.

"यवडंच?" हौसाबाई म्हणाली.

"एवढंच."

ती वाकली. डोळे बारीक करून कागदाच्या अगदी जवळ गेली, आणि बोटानं मोजत म्हणाली, "मला वाचाय येत न्हाई बाई. पर वळी तीन हायत."

अट्ठावन्न वर्षांपूर्वी त्याच हॉलमध्ये मंडळी कशी बसली असतील, ते मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं. आता मीही तिथंच बसलेली होते, मास्तरांनी बसवल्यासारखी, मान खाली घालून. फरक इतकाच होता की माझ्या मानेखाली शिदू नव्हता.

मी वाचलं. आवाज चांगला लागला नाही, मधेच फुटला.

"वस्त्र सोडण्यास राजी नाही. सरदार रणनवरे यांनी धरून ओढले. सभेने पाहिले, मी रेखाटीत राहिलो."

आणि तिसरी ओळ :

"वस्त्र सुटले नाही. कृष्णासाठी बसवण्याजोगा कोणी आढळला नाही."

कुठंतरी एक नारळ हातातून निसटून घरंगळत गेला, तेवढाच आवाज झाला.

"आस्सं," हौसाबाई म्हणाली. "लिवलं म्हंजे त्यानं." पदर सारखा करून तिनं गोदाबाईकडे पाणी मागितलं.

मग दादासाहेबांनी टाळी वाजवली. माणूस मुरलेला होता. "व्वा, व्वा! आमचे आजोबा मोठे खेळकर होते!" ते म्हणाले आणि सभोवार बघून हसले. त्यांच्या मागोमाग पुंडे वकिलांनी टाळी वाजवली, मग सरांनी, मग सगळ्यांनीच. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात आलं, 'मोडीवाचनाने कार्यक्रमात रंगत.'

टाळ्या ओसरल्या तेव्हा ओटीच्या रांगेत सगळ्यात पुढं पुंडे वकिलांच्या पत्नी होत्या. हातात खण, नारळ, तांदूळ. त्यांनी भिंतीवरच्या द्रौपदीकडे पाहिलं. मग दोन हातांवर उभ्या असलेल्या हौसाबाईकडे पाहिलं. त्यांची पावलं क्षणभर अडखळली, हे मी शपथेवर सांगेन. मग हौसाबाईला पदर लागणार नाही अशा बेतानं त्या तिला वळसा घालून गेल्या आणि खण-नारळ त्यांनी चित्रापुढं ठेवला. मागच्या बायकांनीही तसाच वळसा घातला.

हौसाबाईनं चार-पाच जणींना जाऊ दिलं.

"अगं, तिला कशापायी द्येताय?" ती मग म्हणाली. "तिला काय कमी हाय? वरनं येतंया की!"

मॅडम एकट्याच मोठ्यानं हसल्या. बाकी कुणी हसलं नाही. हौसाबाई पाणी प्यायली, पेला गोदाबाईच्या हातात दिला आणि पुढच्या दारानं निघून गेली. मागं कुणी फरशीवर पाणी मारलं नाही. ते पाहुण्यांमुळे असेल किंवा आपल्यामुळेही असेल, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

आठवड्यानं घळसासी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढं टाइप केलेला एक कागद होता. रेखाटनांवरील मोडी मजकूर ओल लागल्यामुळे अवाचनीय झाला असून त्याचे खात्रीलायक वाचन शक्य नाही, असं प्रमाणपत्र. खाली सहीची जागा मोकळी होती. त्याच्या शेजारी माझी फाईल उघडी होती आणि तिथलीही जागा मोकळी होती.

"इथं तुमची सही झाली की तिथं दादासाहेबांची," सर म्हणाले. "सरळ व्यवहार आहे."

"मला वाचता येतं, सर. सगळ्यांनी ऐकलंय."

"ऐकलंय हो, पण लिहिलेलं कुठं आहे?"

मी कागदाकडे बघत बसले. आईचं औषध, घराचं भाडं, पुढचा जून, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी काही बाणेदार बोलले नाही. फक्त पेन उचललं नाही, आणि दहा मिनिटांनी सरांना ते कळलं.

"बरं," ते सुस्कारा टाकून म्हणाले, आणि त्यांनीच खाली सही केली. त्यांना मोडीचं एक अक्षर येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्यापुरतं ते प्रमाणपत्र अगदी खरं होतं.

एप्रिलमध्ये माझं पत्र संपलं आणि जूनमध्ये नवं आलं नाही. निघण्याआधी मी हौसाबाईला भेटायला गेले तर ती गोदाबाईशी भांडत होती. तिनं मला ओंजळभर शेंगा दिल्या आणि भांडण पुढं चालू केलं. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

पुढं मला कराडला एका शाळेत चित्रकलेची जागा मिळाली. तिथल्या अर्जात एक रकाना होता, आधीची नोकरी सोडण्याचं कारण. रकाना चांगला मोठा होता, तीन ओळी सहज मावल्या असत्या. मी टाक घेतला आणि माझ्या त्या सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं : घरगुती.